टिटोडी आणि कुरडया

यंदा एप्रिलमध्ये आमच्या अगाशीवर कुरडया घालता आल्या नाहीत, टिटवीने आधीच जागा धरली होती. (बडोद्यात गच्चीला अगाशीच म्हणतो आम्ही, पुण्याच्या मावशीला दर वेळी सांगावं लागतं.) टाकीमागे वॉटरप्रूफिंगवाला खडी टाकून गेला होता, त्यात चार अंडी. घरटं वगैरे काही नाही, काडी नाही, कापूस नाही, खडीच्याच रंगाची मातकट, काळे ठिपकेवाली अंडी. आई गरम चीक आणि सोऱ्या घेऊन वर आली, पाय पडता पडता राहिला, आणि दोन्ही टिटव्या डोक्यावरून अशा झेपावायला लागल्या की आई सोऱ्या तिथेच टाकून खाली. टिटवी देखील समुद्र आटविते म्हणतात, मग सोऱ्या काय चीज.

शेजारच्या बेननी विचारलं, "केटलां इंडां?" मी चार म्हणालो आणि तिथेच फसलो. गुजरातेत टिटोडीची अंडी म्हणजे हवामान खातं. चार अंडी म्हणजे चारही महिने पाऊस, उंचावर घातली तर भरपूर पाऊस, टोकं खाली असतील तर त्याहून भरपूर. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फोटो, आणि मग ज्याला त्याला वर येऊन मोजायचीच होती, जसा काही आकडा बदलणार. मी सांगून पाहिलं की टिटवी साधारण चारच घालते, कधी तीन, पण बेन म्हणाल्या 2024 ला पण चार होती, बघ ने केवढा पडला. आता त्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी लोकांच्या घरात शिरली होती, मगरी सोसायट्यांमध्ये फिरत होत्या, ते सगळं बेननी टिटोडीच्या खात्यात जमा करून टाकलं. काय बोलणार.

आमच्या आजीचं उलटं होतं. रात्री टिटवी ओरडली की ती कोणाचं तरी नाव घेऊन "बरा आहे ना रे तो?" विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत झोपायची नाही.

मी काही पक्षीनिरीक्षक नाही, दुर्बीण आहे पण ती क्रिकेटसाठी घेतलेली. तरी वर्क फ्रॉम होमच्या दुपारी जिन्याच्या दाराच्या फटीतून बघायचा नाद लागला. दोन वाजता अगाशीवर चटके बसतात अशा वेळी ही बाई अंड्यांवर बसायचीच नाही, नुसती पाय जरा वाकवून उभी, सावली धरून. मला वाटलं उबवायचं सोडून हे काय चाललंय. मग जोडीतला दुसरा एसीच्या पाइपखाली साचलेल्या डबक्यात गेला, पोट बुडवून दोन-तीनदा हलला, आणि तसाच टपटप गळत येऊन अंड्यांवर बसला. नंतर शोधलं तर यावर चांगला अभ्यास झालेला निघाला, आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिटव्या पोटाची पिसं भिजवून अंडी गार ठेवतात. म्हणजे उबवायचं राहिलं बाजूला, आधी ती उकडू द्यायची नाहीत. नर-मादी पाळीपाळीने, 28 ते 30 दिवस. मी पाणी भरून परात ठेवली, तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. डबकंच हवं.

सोसायटीने दयाबुद्धीने काय केलं, तर अंड्यांवर मोठी छत्री उभी केली. टिटव्यांना चहूबाजूंनी उघडं दिसायला लागतं, त्या टाकीवर बसून तासभर बोंबलत राहिल्या आणि अंडी तशीच. मी छत्री मिटली तर कमिटीवाले काका चिडले, "जीवदया करवा दो ने, भाई!" पाच मिनिटांत पक्षी अंड्यांवर.

मेच्या शेवटी एका सकाळी बघतो तर अंड्यांच्या जागी काड्यांवर खोचलेले कापसाचे बोळे, इकडून तिकडे पळतायत. टिटवीची पिल्लं जन्मल्या दिवसापासून स्वतः टिपून खातात, आईबाप चोचीत काही आणून भरवत नाहीत, म्हणून त्यांना जमीन पाहिजे. आणि आमच्या अगाशीला तीन फुटी कठडा. आईबाप खालच्या रिकाम्या प्लॉटमधून हाका मारतायत आणि ही चौघं कठड्याला खेटून या टोकाचं त्या टोकाला.

शेवटी मी हेल्मेट घातलं आणि आईची पीठ चाळायची चाळण घेतली. जवळ गेलो मात्र, आईबाप वर येऊन ओरडायला लागले आणि चारही पिल्लं जागच्या जागी चपटी. समोर होती पण दिसेनात, खरंच, मी खडी हाताने चाचपत होतो. तीन सापडली. चौथं माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर होतं, सगळं अंग दगड आणि एक डोळा तेवढा उघडा, माझ्याकडे. उचललं तर हाताला वजन लागलंच नाही, नुसती धडधड.

प्लॉटमध्ये चाळण तिरकी केली आणि मागे झालो. बेन गॅलरीतून ओरडल्या, "चारे चार?" म्हटलं, चारे चार. त्यांनी समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आईने नवा चीक शिजवून अगाशीभर कुरडया घातल्या. दुपारी चारला मावठं आलं. सगळा लगदा.

बेन खाली उभ्या राहून आकाशाकडे बघत होत्या, चेहऱ्यावर असं काही तेज की विचारू नका.