मिरजेत चाललेली स्क्रिप्ट

मार्च महिना, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात. साडेअकराला एका अडत दुकानाच्या दिवाणजींचा फोन आला, "साहेब, हिशोबाच्या पट्ट्याच निघंनात. शेतकरी खोळंबल्यात."

त्यांच्याकडं आठवड्यापूर्वी मीच मायक्रोटिक कंपनीचा राउटर बसवला होता. इंटरनेटची मुख्य लाईन फायबरची, ती पडली तर सिमकार्डवरची. दर मिनिटाला राउटरमधली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, एकेक लाईन पिंग करून (हाक मारून उत्तर येतं का ते) बघायची आणि उत्तर देणारी जी पहिली सापडेल तिच्यावर सगळं काम वळवायची. मिरजेतल्या एका दवाखान्यात हीच स्क्रिप्ट आठ महिने बिनतक्रार चालली होती, म्हणून नावं तेवढी बदलून इथं टाकली.

जाऊन बघतो तर फायबरचा दिवा हिरवा, पिंग उत्तम, आणि सगळं काम सिमवर! रोजचा डेटा अकराच्या आत संपून वेग पार बसला होता. हातानं फायबरवर वळवलं, पट्ट्या निघायला लागल्या. मिनिटाभरात स्क्रिप्टनं परत सिमवर नेलं. मग स्क्रिप्ट दर मिनिटाला चालवणारा शेड्युलरच बंद केला. दारात हळदीची पोती घेऊन ताटकळलेली माणसं बघून फार वाईट वाटलं होतं, त्यांचा हिशोब आधी.

दुपारी निवांत बसलो. अ‍ॅरेत म्हणजे स्क्रिप्टमधल्या लाईनींच्या यादीत मी आधी 'मेन', मग 'बॅकअप' अशी नावं दिली होती; घटकाच्या अशा नावाला 'की' म्हणतात. टर्मिनलवर 'पुट' या कमांडनं ती यादी छापली, तर बॅकअप आधी! राउटरओएसच्या, म्हणजे मायक्रोटिकच्या राउटरवरच्या प्रणालीच्या, मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे, मीच वाचलं नव्हतं: घटकांना की दिली की ते कीच्या अक्षरक्रमानं लागतात. की नसलेले घटक त्यांच्या आधी येतात आणि त्यांचा क्रम आपण दिलेलाच राहतो. इंग्रजीत 'बी' आधी, 'एम' नंतर. यादी क्रमानं बघत जाणाऱ्या 'फोरईच' लूपला पहिली सापडायची ती सिमची लाईन, आणि ती तर चालूच असायची.

मिरजेत नावं होती 'फायबर' आणि 'सिम'. 'एफ' हा 'एस'च्या आधी येतो. आठ महिने ते दोन अक्षरांच्या योगायोगावर चाललं होतं, हे कळल्यावर अंगावर काटा आला.

की काढून टाकल्या. अ‍ॅरेच्या आत छोटे अ‍ॅरे केले: 0 वर लाईनचं नाव, 1 वर तिचा इंटरफेस, म्हणजे राउटरवरची जोडणी. फायबरची वायर तीनदा काढून लावून बघितली. तिन्ही वेळा मिनिटाच्या आत काम सिमवर गेलं आणि परत आलं.

मग गाडी काढली आणि अंधार पडायच्या आत मिरजेला जाऊन तिथलीही स्क्रिप्ट बदलली.