ऊन आणि ऊन

मराठीत ‘ऊन’ हा शब्द दोन कामं करतो. आकाशातून पडतं तेही ऊन आणि अंघोळीचं पाणी सोसेल इतपत तापलं की तेही ऊन. त्यामुळे उजेड आणि उष्णता म्हणजे एकच चीज, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. डांबर पाघळेल अशा दुपारी गच्चीवरची सौर पॅनेलं वीज नुसती उधळत असतील, असंही.

तसं नसतं. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्याच्यावर लिहिलेली क्षमता मोजतात ती पॅनेलचं तापमान २५ अंश असताना. तिथून वर चढणारा प्रत्येक अंश साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज खातो. भर उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं, म्हणजे सातवा हिस्सा तिथेच गेला. आपल्याला पंख्याखाली बसावंसं वाटतं, तेव्हा पॅनेलचीही तीच इच्छा असते. ते गच्चीला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतकं उचलून धरतात, तेही यासाठीच.

तरीही लख्ख उन्हाचं शहर श्रीमंतच. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर जवळपास १००० वॅट ओतले जातात आणि आजचं पॅनेल त्यातले दोनशेच्या वर पकडतं. १८८३ साली चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमवर सोन्याचा पातळ मुलामा देऊन सौरघट, म्हणजे उजेडाची वीज करणारा तुकडा, केला, तो जेमतेम एक टक्का पकडायचा. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेतला सिलिकॉनचा घट सहा टक्क्यांवर पोचला, तर केवढं कौतुक झालं! आता पाच चौरस मीटर पॅनेलं, म्हणजे दोन डबल पलंगांपेक्षाही कमी जागा, चांगल्या उन्हात दिवसाला चार-पाच युनिट देतात.

खरा शत्रू सावली. पॅनेलमधले घट माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एकावर सावली आली की त्या माळेतले सगळेच खोळंबतात. अडलेला भाग टाळून वीज पुढे नेणारे डायोड असतात, पण त्या भागाची कमाई बुडतेच.

हे कळल्यापासून गच्चीवर गेलो की मी सावल्या बघतो. सकाळी जिन्याच्या खोलीची, चारनंतर पाण्याच्या टाकीची. काल एक कावळा पॅनेलच्या कडेवर बराच वेळ बसला होता. त्याला हाकलावं की नाही, हे माझं अजून ठरत होतं, तेवढ्यात तो उडाला.