पद्मिनी घ्यावी की न घ्यावी?

मी विकत घ्यायला पाहत असलेल्या जुन्या पद्मिनी गाडीच्या दाराखालच्या पत्र्यावर डेंटिंगवाल्या काकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवून जरासा दाबला आणि तो थेट आत गेला. वरचा रंग मात्र चकचकीत होता. "साहेब, इंजिनाचं काम कुठेही होईल, पण ही गाडी पत्र्यावरच उभी असते," असे ते म्हणाले.

फियाट ११०० वरून कुर्ल्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही. सांगाडा आणि बॉडी एकच असल्यामुळे दाराखालचा आणि तळाचा पत्रा गंजला की गाडीचा कणाच पोखरला जातो. १०८९ सीसीचे साधे इंजिन जुने कारागीर आजही सहज उघडतात.

विक्रेता किंमत सांगत होता ती इंजिनाच्या आवाजावर, आणि स्टिअरिंगजवळचा तो गिअरचा दांडा पाहून मीही (खरे सांगायचे तर) अर्धा राजी झालो होतो. पत्रेकामाचा खर्च गाडीच्या किमतीएवढा निघाला, तर तुम्ही ती घ्याल का?