तो शब्द कोणाच्या तोंडचा?

"ते लोक स्वतःच जातीचं नाव गाडीवर लिहून फिरतात आणि गावात आपण तोच शब्द काढला की लगेच अ‍ॅट्रॉसिटी. हा कुठला न्याय?" इथे इंग्लंडमध्ये, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, एका गृहस्थांनी मला हे विचारलं. 'आपण' म्हणताना त्यांनी मलाही त्यात धरलं होतं. ते पुण्याकडचे, माझ्या आडनावावरून त्यांना काही कळलं नसावं. यवतमाळ जिल्ह्यात कोणी आडनाव ऐकून हे वाक्य माझ्यासमोर बोललं नसतं. मागे बोललं असतं. गृहस्थ वाईट नाहीत, मी इथे नवा असताना भाड्याचं घर त्यांनीच शोधून दिलं. पण हा प्रश्न सज्जन माणसंच सर्रास विचारतात, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

आधी त्या गाडीचं सांगतो. वुल्व्हरहॅम्प्टन आणि बर्मिंगहॅमच्या पट्ट्यात पंजाबातून आलेल्या रविदासिया समाजाची, म्हणजे संत रविदासांना मानणाऱ्या चमार समाजाची, मोठी वस्ती आहे. त्यांचे वाडवडील इथल्या फाउंड्र्यांमध्ये कामाला आले. आमच्या गल्लीत त्यांच्यातला एक प्लंबर राहतो. त्याच्या पांढऱ्या व्हॅनच्या दारावर फोन नंबर आणि बॉयलर-बाथरूमची जाहिरात आहे, आणि मागच्या काचेवर आडवं, सोनेरी, हातभर लांब लिहिलंय: 'पुत्त चमारां दे'. चमारांची पोरं. एका रविवारी शेवटच्या अक्षराचा कोपरा सुटला होता, तर तो बायकोच्या हेअर ड्रायरने गरम करून अंगठ्याने तो कोपरा दाबत होता. घरातल्या फोटोची काच पुसावी तसं चाललं होतं. मी पाहतच राहिलो. माझ्या गावात हा शब्द दबक्या आवाजात किंवा भांडणात ऐकला जातो. आणि हा माणूस तो मिरवत मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगाने जातो!

त्याने सांगितलं, वडिलांना फाउंड्रीत गोरे फोरमन एक शिवी द्यायचे आणि स्वतःच्या जिल्ह्यातून आलेले लोक दुसरी. पहिलीविरुद्ध सगळे मिळून लढले. दुसरीविरुद्ध कोणाकडे जायचं? मग मे 2009 मध्ये व्हिएन्नात या समाजाचे संत रामानंद यांची हत्या झाली. पंजाब पेटला, आणि जानेवारी 2010 मध्ये वाराणसीला रविदासिया हा वेगळा धर्म जाहीर झाला. जालंधरपासून इथपर्यंत तरुण पोरांनी ज्या शब्दाने मार खाल्ला तोच गाण्यात, शर्टावर, काचेवर घेतला. "लपवत होतो तोवर समोरच्याच्या हातात दगड होता," तो म्हणाला. मला त्याचं फार कौतुक वाटलं. अजूनही वाटतं.

आता मंडळातल्या गृहस्थांचा प्रश्न. अ‍ॅट्रॉसिटी कायदा 1989 चा आहे. त्याचं तिसरं कलम सुरूच असं होतं की, जी व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची नाही तिने पुढील कृत्यं केली तर. म्हणजे बोलणारा कोण आहे, हे कायद्याने सुरुवातीलाच विचारात घेतलंय. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वरनसिंग प्रकरणात 'चमार' याच शब्दाबद्दल सांगितलं की चारचौघांत अपमान करण्याच्या हेतूने तो उच्चारला तर गुन्हा होतो. प्लंबर स्वतःच्या काचेवर लिहितो तेव्हा अपमान कोणाचा होतो? ज्याला ही गोष्ट अवघड वाटते, त्याने स्वतःची आई आणि सासू यांनी एकमेकींना कसं हाक मारायचं आणि शेजाऱ्याने त्यांना कसं हाक मारायचं, याचा विचार करावा.

हे शिकायला मला इंग्लंडला यायची गरज नव्हती. माझी आजी कापूस वेचायला जायची. धुऱ्यावर दुपारची भाकर सुटली की तिची मैत्रीण लांबून ओरडायची, "काय वं महारडे, चटणी आणली का?" आजी तसंच सव्वाशेर उत्तर द्यायची आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. त्याच वावरात मालकाच्या पोराने एकदा तोच शब्द काढला. आजीने ओटीतला कापूस तिथेच जमिनीवर ओतला आणि घरचा रस्ता धरला. मागोमाग सगळ्या बाया निघाल्या. दुसऱ्या दिवशी मालक आमच्या पुऱ्यात आला, पोराला घेऊन. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. कलम तिसरं तिला पाठ होतं.

तरीही आमची वाट रविदासियांची नाही, आणि ती कमी धाडसाची होती असं कोणी म्हणू नये. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात, आणि दोनच दिवसांनी चंद्रपुरात, आमच्या माणसांनी शब्द उचलून धरण्याऐवजी तो अंगावरून उतरवून ठेवला. शिवीला दागिना करणं मोठं आहेच, पण शिवी ज्या घरात जन्मली ते घरच सोडणं त्याहून मोठं, असं मला वाटतं. बदल्यात मिळालेला 'जय भीम' आमच्या विदर्भाचाच, कामठीच्या बाबू हरदास यांनी रूढ केलेला. गंमत म्हणजे जुना शब्द एका ठिकाणी ताठ मानेने उभा राहिलाच. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. माझे चुलत आजोबा त्यात होते आणि रेजिमेंटचं नाव घेताना त्यांचा आवाज बदलायचा. गावात मात्र तेच नाव कोणी घेतलं तर उठून जायचे.

आमच्यातही एकमत नाही. 1972 मध्ये दलित पँथर चळवळीच्या पोरांनी 'दलित' हा शब्द छातीवर लावला, आणि विदर्भातल्या कितीतरी घरांत आजही ठणकावून सांगतात, आम्ही दलित नाही, बौद्ध आहोत. प्रसारमाध्यमांनी तो शब्द वापरू नये ही मागणीही उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातच गेली, आणि 2018 मध्ये केंद्राने वाहिन्यांना तसा सल्ला दिला. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी तरुण मुलगी स्वतःला अभिमानाने 'क्विअर' म्हणते. आमचा निवृत्तीला आलेला सहकारी, तोही समलैंगिक, हा शब्द ऐकला की खोलीबाहेर जातो. 1967 च्या आधी इथे ते प्रेमच गुन्हा होतं, आणि त्याच्या लहानपणी हाच शब्द ओरडत पोरं मागे लागायची. दोघांचंही मला पटतं. भांडण त्यांचं आहे, ते त्यांनी मिटवावं किंवा मिटवू नये. तिसऱ्याने "मग मी काय म्हणू?" असं त्रासून विचारू नये. नावाने हाक मारावी.

मराठीतले मोठमोठे लोक इंग्रजीमिश्रित भाषेला 'धेडगुजरी' म्हणून नाक मुरडतात, त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांनी वऱ्हाडात कोणाला हिणवलं गेलं हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आमच्या पुऱ्याच्या तोंडाशी आता 'भीमनगर' अशी पाटी आहे. एसटीतून उतरणाऱ्याला पत्ता सांगताना गाव अजून जुनंच नाव सांगतं. मग आमच्या पोरांनी गाडीवर काय लिहावं, याची चिंता गावाने कशाला करायची?

व्हॅनचा फोटो मी घरी पाठवला होता. भाचा दारव्ह्याला शिकतो. त्याचा फोन आला, "मामा, तसंच एक आपल्या नावाचं बनवून धाडा नं." मागून बहीण कडाडली, "बाबासायबानं आपल्याले त्या नावातून काढलं, अन् हा पुन्हा गाडीवर चिकटवते!" मी त्याला समजावलं की इथल्या प्लंबरच्या गोऱ्या शेजाऱ्याला त्या शब्दाचा अर्थच माहीत नाही, काच फुटली तर विमा आहे. तुला रोज त्याच फाट्यावर, त्याच पानटपरीसमोर गाडी उभी करायची आहे.

"तेथंच तं उभी कराची आहे, मामा," तो म्हणाला.

स्टिकर मी करून देणार आहे. बहिणीची परवानगी त्याने काढायची, असं ठरलंय.