शास्त्राच्या बाई आणि भरलेल्या वॉटरबॅगा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी लिहा, असं समितीचं पत्र आलं. शाळा म्हटलं की माझ्यापुढे शास्त्राच्या बाईच उभ्या राहतात. आपल्या शाळेत एवढं म्हटलं तरी पुरतं, नाव सांगावं लागत नाही. गॅदरिंग, पीटीचे सर, गड्ड्याच्या जत्रेच्या वेळची धमाल यांवर बाकीचे लिहितीलच.

नववीत उत्सर्जन संस्थेचा धडा होता. बाईंनी प्रयोगशाळेत बोकडाचं मूत्रपिंड आणलं, ट्रेमध्ये ठेवून ब्लेडनं उभं चिरलं. बाहेर तांबूस थर, आत रेघारेघांचा भाग, मधोमध पांढरट पोकळी. "या रेघा म्हणजे बारीक नळ्या. माणसाच्या एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या आणि त्यांच्या नळ्या, असतात. दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. मग लघवी दीड लिटरच का होते?" आम्ही गप्प. 'लघवी' हा शब्द वर्गात मोठ्यानं उच्चारलेला आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

बाकीचं पाणी नळ्या परत रक्तात घेतात, हे बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं. त्यातलं बरंचसं आपोआप परत येतं, शेवटचा हिशेब मात्र गरजेप्रमाणे होतो. घाम गेला आणि पाणी प्यायलं नाही, की रक्तातल्या क्षारांचं प्रमाण वाढतं. मेंदूला ते कळतं, तहान लागते आणि पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक सुटतं. मग शेवटच्या नळ्या जास्त पाणी ओढून घेतात, लघवी थोडी आणि गडद होते. भरपूर पाणी प्यायलं की नेमकं उलट. "पण कितीही काटकसर केली, तरी रक्तातली घाण बाहेर टाकायला रोज अर्धा लिटर तरी लागतंच," बाई म्हणाल्या. पाणी ज्यांतून आत जातं ती पेशींची सूक्ष्म दारं तेव्हा सापडलेलीही नव्हती. त्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा मला आधी बाईच आठवल्या.

त्याच तासाला बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीची वॉटरबॅग उचलून झाकण काढलं. काठोकाठ भरलेली. दुसरीची, तिसरीचीही तशीच. मार्चचं सोलापूरचं ऊन, दुपारची वेळ. कारण त्यांनी चारचौघांत विचारलं नाही. मुलांना मैदानावर पाठवलं, मग आम्हाला जवळ बसवून विचारलं. स्वच्छतागृहात मुलींच्या बाजूला पाणी नसायचं, दाराला आतून कडी नव्हती. म्हणून घर सोडल्यापासून घरी पोचेपर्यंत आम्ही घोटभरही पाणी पीत नसू.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढलेलं होतं. बाहेर खुर्ची टाकून बाई वह्या तपासत बसल्या होत्या. आम्ही दहावी होईपर्यंत ती खुर्ची तिथेच असायची. त्यासाठी त्यांना कुणाकुणाचं ऐकून घ्यावं लागलं असेल, हे त्यांनी आम्हाला कधी कळू दिलं नाही.

आज मी सोलापुरातच डायलिसिस टेक्निशियन आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या अंगात साठलेलं पाणी मशीन काढतं, चार तासांत दोन-अडीच लिटर, पण किती काढायचं हे त्याला सांगावं लागतं. म्हणून आधी रुग्णाचं वजन, मग हिशेब. निरोगी मूत्रपिंड हा हिशेब क्षणोक्षणी स्वतःच करत असतं, याचं मला रोज नवल वाटतं. शहराच्या पूर्व भागातून येणारे यंत्रमाग कामगार म्हणतात, "अक्का, तहान आवरत नाही." मी बाईंच्या पद्धतीनं कारणापासून सुरुवात करते. मिठानं तहान वाढते. शेंगाचटणी, लोणचं, पापड आधी कमी करा, मग पाणी कमी पिणं जमेल. समजावून सांगितलं की माणसं ऐकतात.

मध्यंतरी शाळेत जाऊन आले. आमच्या प्रयोगशाळेच्या जागी आता कॉम्प्युटर रूम आहे. धडा पडद्यावर दाखवतात. चित्र छान हलतं, पण हाताला काही लागत नाही, याचं फार वाईट वाटलं. मुलींच्या बाजूचे दोन नळ अजूनही कोरडेच होते. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. नवी टाकी, नळ आणि कड्यांचा खर्च आमची बॅच उचलते आहे. दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू होईल.