चाळिशीनंतरची दहावी

शिक्षण अर्धवट राहिलेल्या प्रौढ व्यक्तीला पुन्हा दहावी करायची असली, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : सतरा नंबरचा फॉर्म भरा. सल्ला चुकीचा नाही. राज्य मंडळाचा हा अर्ज भरला की खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येते आणि रोज शाळेत जावे लागत नाही. तरीही परिचितांचे अर्ज भरून देताना माझे मत असे बनत गेले आहे, की ज्यांना घर किंवा पाळीची नोकरी सांभाळून शिकायचे आहे, त्यांनी आधी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजेच एनआयओएसचा, विचार करावा.

कारण वेळेचे आहे. मंडळाच्या परीक्षेत पहिल्या खेपेस सगळ्या विषयांची तयारी एकाच हंगामात करावी लागते. एनआयओएसची नोंदणी मात्र ५ वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या ९ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहत असल्याने एकेक विषय सोडवत पुढे जाता येते. विषय ५ पुरतात, मराठी माध्यम मिळते आणि गणित सक्तीचे नाही. अर्थात, पुढे तांत्रिक अभ्यासक्रमाला जाण्याचा विचार असेल तर गणित टाळू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो.

लोक धास्ती घेतात ती आकलनाची; प्रत्यक्षात अडते ते लिहिण्यापाशी. पंधरा-वीस वर्षे सही आणि वाणसामानाची यादी यापलीकडे ज्यांनी काही लिहिलेले नाही, त्यांना उत्तर येत असूनही सलग तीन तास लिहिता येत नाही, बोटे आखडतात, आणि शेवटचे प्रश्न कोरे राहतात. म्हणून पुस्तकाआधी वही आणावी आणि रोज घड्याळ लावून पानभर मजकूर उतरवावा. दुसरी अडचण कागदांची. विवाहित स्त्रियांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव असते आणि आधार कार्डावर सासरचे. ही तफावत जुळवण्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल आधीच हाताशी ठेवला, तर शेवटच्या तारखेची धावपळ वाचते.

ज्यांना समोर शिक्षक हवाच, त्यांच्यासाठी रात्रशाळा आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी-कामगारांसाठी १८५५ मध्ये अशी शाळा काढली होती. कामावरून थेट वर्गात येणाऱ्यांची ती गरज आजही संपलेली नाही.

दहावीनंतर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची मराठीतील स्वयं-अध्ययन पुस्तके, माझ्या मते, त्याची सर्वांत मोठी कमाई आहे, कारण ती एकट्याने वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. बारावी न झालेल्यांसाठी विद्यापीठाने पूर्वतयारीची वाटही काढली. मात्र ती तेथील पदवीच्या प्रवेशापुरती आहे, बारावीची जागा घेत नाही, आणि हे अनेकांना पदवी हाती आल्यावर, नोकरीच्या अर्जात बारावीचा रकाना भरताना कळते. अभ्यासकेंद्रांचा दर्जा सारखा नाही. माझ्या परिचयातील एका केंद्रावर संपर्कसत्रे, म्हणजे शिक्षकांसमोर बसून शिकण्याचे तास, फक्त वेळापत्रकाच्या कागदावर होत असत, प्रत्यक्षात नाही. प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी एखाद्या रविवारी केंद्रावर जाऊन तास खरोखर होतात का, हे पाहावे आणि मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांशी बोलून पुस्तके वेळेवर मिळाली का, तेही विचारावे.