जुळ्यांसाठी भेटवस्तू: दोघांना सारखीच की ज्याची त्याला?

मेलबर्नला येऊन मला सात वर्षे झाली. वेंगुर्ल्याला घरी जाताना बॅगेत काय भरायचे, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडत नसे, कारण आईचे, दादाचे आणि वहिनीचे काय न्यायचे ते ठरलेले असे. दोन वर्षांपूर्वी दादाला जुळी मुले झाली, एक मुलगी आणि एक मुलगा, आणि तेव्हापासून हा प्रश्न मला महिना महिना आधी सतावू लागला. घरात त्यांना बाय आणि बाबू म्हणतात, म्हणून येथेही मी त्याच नावांनी त्यांच्याविषयी लिहिते.

या मे महिन्यात ती दोन वर्षांची होणार होती. निघण्यापूर्वी आईने फोनवर बजावले, "दोघांक सारख्याच हाड हां गो, नायतर झगडतले." म्हणजे दोघांना सारखेच आण, नाहीतर भांडतील. आईचे म्हणणे मला पटत होते आणि पटतही नव्हते, कारण त्यांच्या पहिल्या वाढदिवसाला मी याच प्रश्नात चुकले होते.

त्या वेळी मला येता आले नव्हते, म्हणून मी मेलबर्नहून ऑनलाइन मागवून एक मोठे, गाणी वाजवणारे आणि दिवे लागणारे खेळणे परस्पर घरी पाठवले होते. दोघे मिळून खेळतील, अशी माझी कल्पना होती. एका वर्षाच्या मुलांना मिळून खेळणे ठाऊकच नसते. ती शेजारी शेजारी बसून आपापले खेळतात आणि दुसऱ्याच्या हातातली वस्तू आपली समजून ओढतात. त्या खेळण्याच्या एका कडेला बायने, दुसऱ्या कडेला बाबूने धरले आणि पडवीत रडारड झाली. हे एक वेळ चालले असते, परंतु चौथ्या दिवशी आईने ते खेळणे उचलले, तेव्हा त्याच्या तळाचे झाकण तिच्या हातातच निघाले आणि आतला बटणासारखा चपटा सेल जमिनीवर घरंगळत गेला. दादाने तो पाहिला म्हणून निभावले. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांत तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. ऑस्ट्रेलियात २२ जून २०२२ पासून असे सेल वापरणाऱ्या वस्तूंसाठी सक्तीचे नियम आहेत आणि लहान मुलाला उघडता येणार नाही असे झाकण त्यांत बंधनकारक आहे. मी रोज जेथे राहते तेथे हे पाळले जाते, आणि घरच्या मुलांसाठी वस्तू निवडताना मीच सेलच्या झाकणाला स्क्रू आहे की नाही हे पाहिले नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या मेलबर्नच्या भागात खेळण्यांचे वाचनालय आहे. पुस्तके जशी घरी न्यायची आणि परत करायची, तशी तेथे खेळणी नेता येतात. मला मूल नाही, पण एका मैत्रिणीबरोबर मी तेथे जाऊ लागले आणि तेथे मला तीन वर्षांच्या जुळ्या मुलींची आई भेटली. तिने मला एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हापासून विसरलेले नाही. तिच्या घरी वाढदिवसाला आलेली शुभेच्छापत्रे बहुतेक दोघींच्या नावाने मिळून एकच असत, आणि एकदा मोठ्या झाल्यावर या मुलींना आपल्या एकटीच्या नावाचे एकही पत्र सापडणार नाही, हे तिच्या लक्षात आले. त्या वर्षीपासून तिने पाहुण्यांना एकच विनंती केली: भेट एखादी कमी आणा, छोटी आणा, पण पत्रे दोन लिहा.

घरी येऊन मी फोनमधले फोटो काढून बसले. वहिनी जवळजवळ रोज फोटो पाठवते. बाय आणि बाबू पाळण्यात, बाय आणि बाबू आजीच्या मांडीवर, बाय आणि बाबू समुद्रावर. शेकडो फोटो उलटून पाहिले तेव्हा बाबू एकटा असलेला फोटो मला एकही मिळाला नाही, आणि बायचा मिळाला तो ती तापाने आजारी असतानाचा होता. वहिनीला हे सांगितले, तेव्हा ती काही वेळ गप्पच राहिली. मग मी तिला खेळण्यांविषयी काहीही न विचारता एवढेच विचारले, की मुले दिवसभर स्वतःहून काय करतात ते आठवडाभर पाहून मला लिहून पाठव.

तिने पाठवलेला निरोप कोणत्याही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा मोलाचा ठरला. बाय सकाळी उठली की तांब्या उचलते, खळ्यात, म्हणजे अंगणात, जाते आणि तुळशीपासून दगडी पायरीपर्यंत सापडेल त्याला पाणी घालते; अर्धे पाणी तिच्याच अंगावर सांडते. बाबू मात्र स्वयंपाकघरात फतकल मारून बसतो आणि स्टीलच्या डब्यांना झाकणे लावतो. झाकण चुकीचे असेल तर रडत नाही, बाजूला ठेवतो आणि दुसरे लावून पाहतो. हे वाचले आणि निम्मी खरेदी तेथेच झाली. बायसाठी मी तिच्या हाताला पेलेल अशी छोटी झारी घेतली आणि बाबूसाठी एकात एक बसणाऱ्या लाकडी डब्यांचा संच. मुलीला बाहुली आणि मुलाला मोटार हा हिशेब पाहुणे करतात, आणि तोही मला चुकीचाच वाटतो. पाणी घालणे आणि झाकणे लावणे यांत मुलगा-मुलगी काही नसते.

आणखी काही वस्तू मला आपल्याच मातीतल्या हव्या होत्या, म्हणून गोव्यातल्या मोपा विमानतळावरून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी आणि दादा सावंतवाडीला गेलो. मोती तलावाजवळच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत. लहानपणी आम्हाला तेथूनच भातुकली यायची. पूर्वी ही खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करीत. परडीत मांडलेले रंगीत लाकडी आंबे, केळी आणि सीताफळे पाहून मला ती सगळीच उचलावीशी वाटली. दुकानातले काका वयस्कर होते. मुले दोन वर्षांची आहेत हे कळताच त्यांनी माझ्या हातातला आंबा काढून परत परडीत ठेवला आणि म्हणाले, "ह्यां शोभेचां. तोंडात घालणाऱ्या पोरांक ह्यां नको." धंदा बाजूला ठेवून इतके स्पष्ट सांगणारा माणूस भेटला, याचा मला फार आनंद झाला.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, परंतु नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. ही सूट कारागिरांच्या दृष्टीने न्याय्यच आहे. मात्र त्यामुळे रंग कोणता, निघतो का, हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते. काकांनी आतून बिनरंगाची, कातलेल्या लाकडाची दोन ओढायची वाहने काढली: एक बैलगाडी आणि एक होडी, दोन्हींना चाके. दोऱ्या लांब होत्या, त्या गळ्याभोवती अडकू नयेत म्हणून समोरच कापून आखूड करून घेतल्या.

भातुकलीचा संच मात्र मी घेऊन ठेवला आणि तो कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. जी वस्तू न दाबता तिच्यात पूर्ण मावते ती मुलाच्या घशात अडकू शकते, असे धरतात. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, म्हणजे त्या नाण्याहून थोडी मोठी वस्तूही धोक्याचीच. भातुकलीतला वरवंटा, पळी, उखळातले मुसळ हे सगळे त्या नळीत सहज गेले असते. आणखी एक वर्षाने तो संच खाली येईल, आणि तेव्हा तो दोघांचा मिळून असेल, कारण तोवर एकाने चूल पेटवायची आणि दुसऱ्याने भात वाढायचा, हे त्यांना जमू लागेल.

आईच्या सांगण्यातही खरे होतेच. जे रोज, एकाच वेळी, हातात लागते ते सारखेच असावे. वाळूत खेळायची फावडी आणि बादल्या मी अगदी एकसारख्या आणल्या, रंगसुद्धा एकच, आणि सागरेश्वरच्या किनाऱ्यावर त्यांवरून एकदाही भांडण झाले नाही. जाड पुठ्ठ्याची पुस्तके मात्र वेगवेगळी आणली, कारण एकच पुस्तक दोनदा घरात येण्याला काही अर्थ नाही.

फोटोंचे काय झाले, हे राहिलेच. मी निघण्याआधी वहिनीने मला नवे फोटो पाठवले आणि मी मेलबर्नला त्यांची दोन छोटी, जाड पानांची पुस्तके छापून घेतली. बायच्या पुस्तकात तुळस, विहीर, कोंबडी आणि ओली चिंब बाय आहे. बाबूच्या पुस्तकात डबे, झाकणे, आजीचे हात आणि झाकण डोक्यावर ठेवलेला बाबू आहे. शेवटच्या पानावर दोघांच्याही पुस्तकात मी आहे, पडवीतल्या बाकावर बसलेली, म्हणजे फोनमधली आत्या आणि बाकावरची आत्या एकच आहे हे त्यांना कळावे. बाबू ते पान उघडून माझ्या नाकावर बोट ठेवतो आणि मग वर माझ्याकडे पाहतो.

मी परतण्याच्या आदल्या दिवशी आईने मला बाजारात भांड्यांच्या दुकानात नेले. तिला नातवंडांसाठी दोन लहान तांबे घ्यायचे होते, आणि ते अर्थातच सारखेच हवे होते. बारशाला आलेल्या आमच्या घरातल्या बहुतेक ताटांवर दोघांची नावे एकाच ओळीत घातलेली आहेत. दुकानदाराने नाव घालायचे यंत्र हातात घेतले आणि सवयीने विचारले, "दोघांची एकत्रच घालू?" मी काही बोलण्याआधीच आई म्हणाली, "नाय, एकार एकाचां घाल." त्याने एक तांबा बाजूला ठेवला आणि दुसऱ्यावर बायचे नाव घालायला सुरुवात केली.